मालिका परत कधी सुरू होणार?

नातू यंदा सुट्टीत इकडे आला होता. संध्याकाळी मांडीवर लॅपटॉप घेऊन 'ब्रेकिंग बॅड' बघत बसायचा. एकदा मध्येच म्हणाला, "आजी, ह्याच्या पहिल्या सीझनचे सातच भाग आहेत. पुढच्याला तेरा तेरा. असं का केलं असेल?" प्रश्न मला नव्हताच, स्वतःशीच बोलल्यासारखं चाललं होतं त्याचं. मी भाजी निवडत होते. म्हटलं, "नऊ करायचे होते रे, पण लेखकांचा संप झाला. तू तेव्हा जेमतेम महिन्याचा होतास."

तो माझ्याकडे बघतच राहिला. आजीला तुकारामाचे अभंग माहीत असणार, हॉलिवूडचा संप कसा माहीत, असा त्याचा चेहरा. म्हणून म्हटलं, आज त्याबद्दलच लिहू या.

२००७ साली मी शाळेतून निवृत्त झाले आणि चारच महिन्यांत लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले. ती तेव्हा लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक गावात राहायची. डिस्ने, वॉर्नर ब्रदर्स, एनबीसी, सगळ्यांचे स्टुडिओ त्या गावात. ५ नोव्हेंबर २००७ ला सुमारे बारा हजार लेखकांनी काम थांबवलं. सकाळी मी बाबागाडी घेऊन फिरायला निघायची, तर वॉर्नरच्या फाटकाशी लाल टी-शर्ट घातलेली माणसं हातात फलक घेऊन गोल गोल फिरत असायची. सिनेमे लिहिणारी माणसं अशी रस्त्यावर, पायात साधे बूट, हातात कागदी कपातली कॉफी. मला आधी कळेचना, हे काय चाललंय.

मग मी बातम्या वाचायला लागले. माझं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं, इंग्रजी वर्तमानपत्र म्हणजे शेजारी शब्दकोश हवाच. पण वेळ होता. नातू रात्री जागवायचा. साडेअकरानंतर तिकडे गप्पांचे विनोदी कार्यक्रम लागायचे, लेनो, लेटरमन, कोनन ह्यांचे. संप सुरू झाला त्याच दिवसापासून त्यांचे जुने भाग दाखवायला सुरुवात झाली, कारण ते विनोद रोजच्या रोज कोणीतरी लिहून देत असतं. मांडीवर रडणारं बाळ, आणि समोर शिळ्या बातम्यांवरचे शिळे विनोद. अशा माझ्या रात्री जायच्या.

त्या शंभर दिवसांत (संप १२ फेब्रुवारी २००८ ला मिटला) मी करमणुकीच्या जितक्या बातम्या वाचल्या तितक्या जन्मात वाचल्या नव्हत्या. त्यावरून माझं एक मत झालं, आणि २०२३ च्या संपानंतर ते पक्कं झालं. ते असं, की संपाची बातमी आपण प्रेक्षक म्हणून वाचतो आणि तिथेच चुकतो.

बहुतेक बातम्यांचा सूर एकच असायचा. तुमची मालिका परत कधी सुरू होणार? '२४' पुढे ढकलली. 'हीरोज'चा दुसरा सीझन अकरा भागांवर थांबला. 'लॉस्ट'चे भाग कमी होणार. जावई '२४'चे भक्त, लेक 'द ऑफिस'ची. दोघंही पेपर उघडून आधी तेवढंच बघायची. त्यांना नावं ठेवत नाही, मीही तेच केलं असतं. पण वीज गेली की आपण "लाइट कधी येणार?" एवढंच विचारतो, खांबावर चढलेल्या माणसाकडे बघत नाही, तसं हे झालं.

मला रस आला तो पैशाच्या हिशोबात. एखादा कार्यक्रम पुन्हा दाखवला किंवा त्याची डीव्हीडी विकली, की लेखकाला थोडी रक्कम मिळते. तिकडे तिला 'रेसिड्युअल' म्हणतात. मी वहीत 'फेरदाखवणीचं मानधन' असं लिहून ठेवलं होतं. डीव्हीडीमागे ही रक्कम होती साधारण चार सेंट. लेखक म्हणत होते, आठ करा. संपाच्या तोंडावर त्यांनी ही मागणी सोडूनही दिली. खरं भांडण होतं इंटरनेटचं. कंपन्या म्हणत, इंटरनेटवर दाखवतो ती जाहिरात आहे, तिचे कसले पैसे? लेखक म्हणत, उद्या सगळं तिथेच दिसणार आहे, आज हक्क सोडला तर कायमचा गेला. नातवाच्या मांडीवरचा तो लॅपटॉप बघा आणि सांगा, कोण बरोबर होतं. त्या वेळी मात्र पुष्कळ शहाण्या माणसांना ते हट्टाचं वाटलं होतं.

दुसरी गोष्ट, बातमी कोण देतंय? एबीसी डिस्नेची, फॉक्स न्यूज कॉर्पोरेशनची, एनबीसी तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या ताब्यात. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध संप, त्यांच्याच वाहिन्यांवर संपाच्या बातम्या. सगळं खोटं सांगत होते असं मी म्हणत नाही. पण तंट्याची हकिगत एकाच पक्षाच्या ओसरीवर बसून ऐकली तर ती कशी ऐकू येणार? म्हणूनच त्या काळात निकी फिंक नावाच्या पत्रकार बाईंचं 'डेडलाइन हॉलिवूड डेली' हे संकेतस्थळ अख्खं गाव वाचायचं. जावई रात्री झोपण्याआधी ते उघडून मला मोठ्याने वाचून दाखवायचे. आपण ब्लॉग लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं हे उदाहरण आहे.

तिसरी गोष्ट निनावी माणसांची. २०२३ साली लेखक २ मेपासून आणि नट १४ जुलैपासून संपावर होते. दोघं एकाच वेळी संपावर जायची वेळ १९६० नंतर पहिल्यांदाच आली. (१९६० साली नटांच्या संघटनेचे अध्यक्ष कोण होते माहीत आहे? रोनाल्ड रेगन! पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच.) जुलैमध्ये एक बातमी आली. कोण्या बड्या अधिकाऱ्याने नाव न सांगता म्हटलं होतं की लेखकांची घरंदारं जायला लागेपर्यंत हे लांबवायचं. कंपन्यांच्या संघटनेने हात झटकले. तो माणूस कोण, हे अजून बाहेर आलेलं नाही. पण बातमीने काम केलं. लेखक घाबरण्याऐवजी चिडले. संपाच्या दिवसांत 'सूत्रांकडून कळते' असं वाचलं की मी आता विचारते, हे कळवण्यात फायदा कोणाचा? त्याच महिन्यात युनिव्हर्सल स्टुडिओबाहेरची झाडं अशी छाटली गेली की भर उन्हाळ्यात निदर्शकांच्या डोक्यावरची सावलीच गेली. छाटणीची परवानगी काढलेली नव्हती, दंड झाला अडीचशे डॉलर. कंपनी म्हणाली, दरवर्षीचीच छाटणी. असेलही. मला मात्र त्या एका लहान बातमीतून संप जास्त कळला.

आता थोडं अवघड लिहायचं आहे.

२००७ च्या त्या बातम्यांत मला एक शब्द सारखा भेटायचा, 'स्कॅब'. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ दिला होता 'खपली'. जखमेवरची खपली आणि संप ह्यांचा संबंध काय? खाली दुसरा अर्थ होता, संप चालू असताना कामावर जाणारा माणूस. संपफोड्या. मी शब्दकोश मिटला आणि उगाचच बाळाचे कपडे घड्या घालायला घेतले.

कारण ती मीही होते. डिसेंबर १९७७ मध्ये महाराष्ट्रात सरकारी कर्मचाऱ्यांचा आणि शिक्षकांचा संप सुरू झाला, तो चोपन्न दिवस चालला. मागणी होती केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा ही. मी शिक्षिका, हे सरकारी कचेरीत कारकून, दोघंही संपावर. म्हणजे घरात एकही पगार नाही. सासूबाई आजारी, लेक तीन वर्षांची. दुधाची आणि किराण्याची उधारी वाढत चालली होती. एकतिसाव्या दिवशी मी शाळेत गेले. हे संपावरच राहिले. मला काही बोलले नाहीत. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आले आणि तिथूनच मागे वळले. शाळेच्या फाटकाशी माझ्याच शाळेतल्या बाई उभ्या होत्या. त्यातल्या एकीने बांगड्या मोडून महिना काढला होता, हे मला माहीत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा करत बाजूला सरकली. मला वाट दिली.

संप मिटला. वाढलेला भत्ता सगळ्यांना मिळाला, मलाही. त्या बाई पुढे पंचवीसेक वर्षं माझ्याबरोबर शिकवत होत्या. एकदाही त्यांनी तो विषय काढला नाही. आज माझं पेन्शन दर महिन्याला जमा होतं, ते त्या भत्त्याच्या हिशोबावरच उभं राहत गेलेलं आहे. मी त्यातले चोवीस दिवस उभी नव्हते.

हे मी ब्लॉगवर कधी लिहिलं नव्हतं. लेकीलाही आज वाचूनच कळेल. हे असते तर त्यांना विचारून लिहिलं असतं.

ह्यामुळेच संपाकडे मला सरळ रेघ ओढून बघता येत नाही. बरबँकला लेकीच्या शेजारी एक बाई राहायच्या, एका मालिकेच्या कपडेपटात शिवणकाम करायच्या. त्या लेखक नव्हत्या, मागणी त्यांची नव्हती, आणि काम मात्र नाताळच्या तोंडावर गेलं. सुतार, रंगारी, गाड्या चालवणारे, चहा-नाश्ता पुरवणारे, अशा हजारोंचं तेच झालं. त्या बाई एकदा मला म्हणाल्या, लेखकांचं बरोबर आहे, पण माझं भाडंही बरोबर आहे. कोनन ओब्रायनने आपल्या कार्यक्रमातल्या लेखक नसलेल्या माणसांचे पगार त्या काळात स्वतःच्या खिशातून दिले. २०२३ साली रात्रीच्या कार्यक्रमांच्या पाच सूत्रधारांनी मिळून एक पॉडकास्ट केलं आणि त्याचे पैसे आपापल्या बसलेल्या कर्मचाऱ्यांना दिले. चांगलंच केलं. पण असं सगळ्यांच्या नशिबी येत नाही. ज्या संपाला आपल्याबरोबर बुडणाऱ्या लहान माणसाची आठवण राहत नाही, त्याला मी अर्धाच संप म्हणेन.

तरीसुद्धा माझं मत लेखकांच्या बाजूनेच आहे, आणि ते भावनेपोटी नाही. २००८ ला मिळालं ते फार नव्हतं, पण इंटरनेटवर दाखवलं तर पैसे द्यायचे, हे कागदावर आलं. २०२३ साली लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस थांबले, तेव्हा यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दलचे नियम करारात आले. कंपनी लेखकाला कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची सक्ती करू शकत नाही, आणि यंत्राचं लेखन हे लेखकाचं श्रेय खाऊ शकत नाही. माझ्या एका भाच्याला वाटतं, हे तिकडचे लाड आहेत. अरे बाबा, तू अनुवादाची कामं करतोस ना? मग तुझ्या बाजूने असं कोण भांडलंय, ते एकदा शोध.

२००७ च्या संपात मला सगळ्यात आवडलेली बातमी पेन्सिलींची. मालिकांच्या चाहत्यांनी पैसे गोळा करून कंपन्यांच्या मालकांना खोक्यांनी पेन्सिली पाठवल्या. "माझी मालिका कधी सुरू होणार" ह्यापलीकडे बघणारे प्रेक्षकही होते तर. जन्मभर मुलांच्या पेन्सिलींना टोक काढून दिलेल्या बाईला ही बातमी आवडणारच.

असो. लांबण लागली. म्हणायचं एवढंच, की पुढच्या वेळी कुठे संप झाला, मग तो हॉलिवूडचा असो, एसटीचा असो की शाळांचा, तर बातमी वाचताना चार प्रश्न विचारावेत. मागणी नेमकी किती पैशांची आहे? बातमी देणाऱ्याचा मालक कोण? नाव न सांगता बोलणारा कोणासाठी बोलतोय? आणि ह्यात ज्याचा काही संबंध नाही असा कोण उपाशी राहतोय? आपली गैरसोय पाचव्या नंबरावर ठेवावी.

नातवाने हे सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉप बाजूला ठेवला आणि विचारलं, "आजी, त्या बांगड्या मोडणाऱ्या बाई आता कुठे असतात?" पुण्यालाच असतात. मुलाकडे. गेली तीन वर्षं मी फोन करीन करीन म्हणतेय.

हे लिहून झालं की करते.