दादाजानची घोडी

सुट्टीत आम्ही अम्मीची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी दादाजानचा फोटो सापडला. डोक्यावर रुमी टोपी, हातात लगाम, शेजारी ठेंगणी भीमथडी घोडी. भीमेच्या खोऱ्यातली ही जात अंगाने लहान, पण मोठी चिवट. मराठ्यांच्या फौजांनी याच घोड्यांवर दूरदूरच्या मोहिमा केल्या. दादाजान तिच्यावरून परंड्याच्या बाजाराला जात.

फोटोचा कोपरा कसरीने खाल्लेला, मागची बाजू कोरी. घोडीचे नाव सांगू शकतील अशा एकट्या फुफीजानच उरल्या आहेत, आणि त्याही अलीकडे नावे विसरतात. आम्ही लगेच फोन लावला. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "बिजली."

शाई फोटोवर उमटते, म्हणून मागे पेन्सिलीने नाव लिहिले. वाचकहो, तुमच्याही पेट्या उघडा. सांगणारी माणसे आहेत तोवर.