सणाचा फराळ आणि चहा

संक्रांतीस सोलापुरांत सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि घरोघर हळदीकुंकवाची वर्दळ सुरू होते. येणाऱ्या सुवासिनींपुढें शेंगापोळी येते आणि तिच्याबरोबर तितकाच गोड चहा! आमच्या मतें हा चहा वायां जातो. शेंगांचें कूट व गूळ जिभेवर असतां साखरेची गोडी कळत नाहीं. पोटांत मात्र ती जाते.

येथें रशियन लोकांची रीत पाहण्यासारखी आहे. ईस्टरपूर्वींच्या दीर्घ उपवासाआधीं तेथें मास्लेनित्सा हा सण येतो. त्यांत लोणी लावलेलीं ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडीं, चहाबरोबर खातात. जुन्या पद्धतीनें चहा बिनसाखरेचा. गोडी मुरंब्याची किंवा दांतांत धरलेल्या साखरेच्या खड्याची. चहाचा तुरटपणा लोण्याचा ओशटपणा धुऊन काढतो. लहान किटलींत कडक अर्क तयार असतो. सामोवारांतील उकळतें पाणी घालून ज्यानें त्यानें तो आपल्या बेताचा करून घ्यावा.

आमची सूचना एवढीच : शेंगापोळीबरोबर चहा बिनसाखरेचा असावा, ऊन दूध व साखर निराळीं ठेवावीं. तिखट चिवड्याबरोबर मात्र नेहमींचा गोड, दुधाळ चहाच शोभतो. अर्क एकदांच करावा, पांच मिनिटांनीं पत्ती गाळून काढावी, म्हणजे तो कडवट होत नाहीं. शेजारीं उकळत्या पाण्याचा थर्मास असला, कीं दर पाहुणीगणिक घरच्या सुनेला स्वयंपाकघराकडे धांवावें लागणार नाहीं. हळदीकुंकू तिचेंही असतें. चार जणींत तिला बसतां आलें पाहिजे.