बालवर्गाची सक्ती कोणाची?

तीन वर्षांचे पोर इंग्रजी बालवर्गात घातले नाही, तर त्याचा जन्म फुकट गेला, ही भीती आता पेडणे-डिचोलीतही बोकाळली आहे. आम्ही विचारतो, कोणत्या कायद्याने? २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. तत्पूर्वी शाळेची सक्ती नाही. १९६१ पूर्वी आपल्या कित्येक मराठी शाळा ओसरीवर नि देवळांतून भरत. त्या चालविणाऱ्यांनी सरकारच्या तोंडाकडे पाहिले नाही. आम्ही शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो! आजीची कोंकणी गोष्ट, धूळपाटीवर मराठी अक्षरे, चिंचोक्यांची बेरीज, सांजेची आरती: आरंभास एवढे पुष्कळ. मात्र हा भार एकट्या आईवर लोटून वडिलांनी देवळाच्या सभामंडपात संस्कृतीवर बोलत बसणे आम्हांस मान्य नाही.