छिन्नरुहा दारी लावू या

'छिन्नरुहा' हे गुडूचीचे पर्यायनाम आपण सर्वांनी द्रव्यगुणाच्या परीक्षेसाठी पाठ केले. छेदली तरी पुन्हा रुजते ती छिन्नरुहा. असे असता आपल्यापैकी किती वैद्यांच्या कुंपणावर ही वेल आहे?

गुडूची व वासा नेहमी आर्द्रच घ्यावीत, असे शार्ङ्गधरसंहितेत सांगितले आहे. आपण मात्र पोत्यातील वाळके तुकडे घेतो. २०२१ मध्ये मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतविकाराचा संबंध गुळवेलीशी जोडला गेला, तेव्हा टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वेलीशी गल्लत झाली असावी, असा प्रतिवाद आपल्या बाजूने झाला. तो रास्त असेलही. परंतु स्वतःच्या पोत्यात नेमके काय आहे, हे मला त्या वेळी शपथेवर सांगता आले नसते.

त्यानंतर मी परसात छाट लावले. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, दोन-तीन डोळ्यांचा, वीतभर तुकडा आषाढात लावावा. एक डोळा मातीत, शेंडा वर. पाणी साचू देऊ नये. अडुळसाही असाच लागतो. खरे कष्ट मातृवेल निवडण्यात आहेत. छाट म्हणजे मातृवेलीचीच प्रतिकृती. ती चुकली तर पुढची प्रत्येक वेल चुकेल. म्हणून फुलोऱ्यात वनस्पतितज्ज्ञाकडून ओळख पटवूनच छाट घ्यावेत. गुळवेलीत नर व मादी वेली भिन्न असतात, हेही ध्यानी असावे. एकाच वेलीचे छाट सर्वत्र लावल्यास फळ धरणार नाही.

फार्मसीचालकांची गरज परसातून भागणार नाही, हे मान्य. तथापि खात्रीची एक वेल दारी असल्यास येणारा माल तिच्याशी ताडून पाहता येईल, आणि लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास तिचेच छाट देता येतील.