सहारच्या वेशीवरचा डास

हवानात पीतज्वराच्या साथींनी माणसे मरत होती, तेव्हा १८८१ साली डॉ. कार्लोस फिनले यांनी बोट दाखवले ते डासाकडे. त्यांचे म्हणणे पटायला १९०० उजाडले. तोच एडिस इजिप्ती डास आज मुंबईत अंधेरी-मरोळमध्ये पावसाळ्यात डेंग्यू पसरवतो. पीतज्वर आपल्याकडे नाही. पण विषाणू आला तर त्याचे वाहन तयारच उभे आहे.

म्हणून सहार विमानतळावर बाधित देशांतून आलेल्या प्रवाशाकडे लसीचा दाखला मागतात. तो नसेल, किंवा लस घेऊन दहा दिवस झाले नसतील, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. प्रवासी चिडतात, पण ही सक्ती योग्यच आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी बाहेरून आलेला प्लेग ओळखला. त्यानंतर या शहराने काय भोगले, ते विसरता येणार नाही.

मात्र दारावरचा पहारा पुरेसा नाही. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार विमानतळाच्या सुविधांभोवती किमान ४०० मीटरपर्यंत डासांवर नियंत्रण हवे. कुंपणापलीकडच्या वस्त्यांत काय दिसते? पत्र्यावर ताणलेल्या ताडपत्रीत साचलेले पाणी, जुने टायर, उघडे निळे पिंप आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. नळाला पाणी थोडाच वेळ येते, माणसे साठवणारच. त्यांना दंडाच्या नोटिसा देऊन काय साधणार? पालिकेने पिंपांना घट्ट बसणारी झाकणे द्यावीत, पाण्याची वेळ वाढवावी आणि कीटकनाशक विभागाची माणसे पावसाळ्याआधीच गल्लीत पाठवावीत.