माळ्यावरचे डबे

मार्च महिना उजाडला, की व्यापारी घरांत एक निराळीच लगबग सुरू होते. ३१ तारखेपूर्वी शिल्लक मालाची मोजदाद व्हावी लागते. आणि वर्षभर ज्या माळ्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते, त्या माळ्याला शिडी लागते. आमच्या विद्युत-साहित्याच्या दुकानात यंदा त्या माळ्यावरून पत्र्याच्या चौकोनी डब्यांची पोती खाली आली. भिंतीत बसवून त्यांवर स्विचांची पाटी लावावयाची, ते हे डबे. त्यांची मापे जुन्या पद्धतीच्या स्विचांची. मॉड्युलर स्विच आले, पाट्यांची मापे बदलली, आणि हा माल जागच्या जागी निरुपयोगी झाला. मोजले तेव्हा एकशे चाळीस भरले. थोरले बंधू अण्णा यांनी एका वाक्यात निकाल दिला, “भंगारवाल्याला निरोप द्या.”

त्याच वेळी त्यांचा धाकटा चिरंजीव पुढे आला. हा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि घरी गिटार वाजवतो. तो म्हणाला, “अण्णा, हे डबे विकू नका. मला पेडल करायला लागतील.”

“सायकलची?” अण्णांनी विचारले.

दुकानातले सगळे हसले. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. बाप-लेकांत दुकानाविषयी बोलणे असे फारसे उरलेच नव्हते. मुलाला दुकानातील कशाची तरी गरज वाटावी, हा प्रसंग पुष्कळ दिवसांनी आला होता. म्हणून मी मध्ये पडलो आणि मोजदाद पूर्ण होईपर्यंत, म्हणजे महिनाअखेरपर्यंत, मुदत मागून घेतली. त्या मुदतीत जे पाहिले आणि जे शिकलो, ते या वेळच्या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहे.

विद्युत-गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. गिटारची तार कंप पावली, की त्या वेढ्यांत अतिशय क्षीण विद्युत्-संकेत उमटतो. तो ॲम्प्लिफायरपर्यंत पोहोचण्यापूर्वी वाटेत त्याचे रूप पालटणारी छोटी पेटी म्हणजे पेडल. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून ही पेटी जमिनीवर ठेवून तिचा स्विच पायाने दाबावयाचा. कोणते पेडल स्वराला प्रतिध्वनी देते, कोणते त्यात लाटा उठवते, आणि ‘फझ’ नावाचे पेडल स्वर मुद्दाम खरखरीत, फाटल्यासारखा करते.

या खरखरीचा जन्मच मुळी बिघाडातून झाला. १९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असता यंत्रातील एक भाग सदोष निघाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा स्वर फाटून आला. तो काढून टाकण्याऐवजी तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड हुकमी घडवून आणणारे मंडल तयार केले, आणि १९६२ साली ते ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. ज्याला आपण खराब माल म्हणून बाजूला सारले असते, त्याची अशी पेठ निर्माण झाली.

डब्यांची कथाही याहून फार वेगळी नाही. १९६६ साली लंडनच्या आर्बिटर या व्यापाऱ्याने ‘फझ फेस’ हे पेडल काढले. त्याचा वाटोळा आकार मायक्रोफोनच्या उभ्या दांडीखालील बैठकीवरून सुचला होता. जिमी हेंड्रिक्सच्या वादनामुळे पुढे ते जगभर ओळखले गेले. ‘वाह-वाह’ पेडलचा पहिला नमुना तयार झाला, तो ऑर्गनचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या पायपट्टीच्या सांगाड्यात. आज जगभरचे हौशी कारागीर वापरतात, तो कॅनडातील हॅमंड कंपनीचा सुमारे ११२ बाय ६० मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा डबाही मूळचा पेडलसाठी केलेला नाही. कोणत्याही विद्युत-उपकरणासाठी चालावा, असा तो सर्वसाधारण डबा आहे. तात्पर्य, पेडलचे घर पहिल्यापासून उसनेच आहे. आमच्या माळ्यावरील डब्यांनी त्या परंपरेत बसू नये, असे काही कारण नव्हते.

परंतु डबा धातूचाच का? हे मुलाने दुकानातच दाखवून दिले. त्याने ‘फझ’चे मंडल आधीच जुळवलेले होते. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि फिरवायच्या दोन खुंट्या, एवढाच पसारा. ते त्याने जेवणाच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवले होते. गिटार जोडून चालू केले, तर एकही स्वर न छेडता ‘घूंऽऽ’ असा आवाज येत राहिला. भोवतालच्या तारांतून ५० हर्ट्झचा वीजप्रवाह वाहत असतो. त्याचीच ती गुणगुण. मग तेच मंडल त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवले, मंडलाची ऋण बाजू डब्याच्या अंगाला जोडली आणि वर पत्र्याचे झाकण बसवले. गुणगुण जवळजवळ नाहीशी झाली. बंद धातूच्या कवचाबाहेरील विद्युतक्षेत्र आत शिरत नाही, हे मायकल फॅरडे यांनी १८३६ साली दाखवून दिले होते. डबा हे केवळ वेष्टन नसून तो मंडलाचाच एक भाग आहे, ही गोष्ट मला त्या शांततेत कळली.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. घरातील कोणा मुला-मुलीला हे करून पाहावयाचे असेल, तर आमचा अनुभव उपयोगी पडेल.

भिंतीतील डबा समोरून उघडा असतो. तो पालथा घातला, की त्याची बंद पाठ हा पेडलचा माथा होतो. उघडी बाजू खाली जाते आणि तिच्या मापाचा पत्रा कापून तळझाकण म्हणून स्क्रूने बसवता येतो. अडचण येते ती पाइपसाठी अर्धवट कापून ठेवलेल्या गोल चकत्यांची. त्या बाजूंना असतात, पाठीलाही असतात, आणि पायाचा दाब पडला की निखळतात. मुलाने पाठीवरील एक चकती स्वतःच काढून टाकली आणि त्या भोकाला दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर लावून तेथेच पायाचा स्विच बसवला. बाजूंच्या चकत्यांना आतून पत्र्याची पट्टी लावली. वॉशर, पट्टी, स्क्रू, सारे आमच्याच दुकानातले.

गिटारच्या जॅकसाठी सुमारे साडेनऊ मिलिमीटरचे, पायाच्या स्विचसाठी बारा मिलिमीटरचे आणि खुंटीसाठी सात-साडेसात मिलिमीटरचे भोक लागते. भोक पाडण्यापूर्वी खूण करून पंच मारावा, नाहीतर ड्रिल घसरते. लोखंडी पत्र्याला ड्रिलची गती कमी ठेवावी व तेलाचे थेंब सोडावेत. डबा हाताने न धरता शेगड्यात आवळावा, डोळ्यांवर चष्मा असावा, आणि भोकाच्या धारदार कडा कानशीने घासून काढाव्यात. जॅक जेथे टेकतो, तेथील रंग आतून खरवडणे विसरू नये. रंगाचा थर वीज वाहू देत नाही. तो तसाच राहिला, तर डबा मंडलाशी जोडला जात नाही आणि गुणगुण परत येते. आमच्या पहिल्या डब्यात हीच चूक झाली होती व ती सापडावयास एक अख्खी संध्याकाळ गेली.

एक नियम मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी कटाक्षाने पाळावयास लावावा. पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, आणि तेवढेच पुरे. घरातील २३० व्होल्टची वीज त्या डब्यात कोणत्याही निमित्ताने जाता कामा नये.

बिस्किटांचे किंवा मिठाईचे पत्र्याचे डबेही चालतात का, असे मी विचारले. चालतात. अमेरिकेत पेपरमिंटच्या गोळ्यांच्या चपट्या डबीत हौशी लोक लहान मंडले बसवतात. पण असा पत्रा पायाखाली दबतो. हाताने चालवावयाच्या वस्तूला तो ठीक. पायाखाली ठेवायचा, तर आत लाकडाचा ठोकळा देऊन स्विचखालचा भाग भक्कम करावा लागतो.

पहिला डबा पुरा व्हावयास दोन रविवार लागले. अण्णांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, झाकणाचे स्क्रू तपासले आणि विचारले, “यात मजुरी धरलीस?”

मुलगा प्रामाणिक. म्हणाला, “नाही. मजुरी धरली, तर तयार ॲल्युमिनियमचा डबा स्वस्त पडेल. तो मऊ असतो, भोके पटकन पडतात, झाकणही बरोबर बसते. विकायची असतील, तर मी तोच घेईन. हे स्वतःसाठी आणि शिकण्यासाठी.”

या उत्तराने अण्णांचा स्वर बदलला. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “मग तुला किती लागतील?”

मुलगा क्षणभर थांबला. त्याच्या मनात सगळेच्या सगळे एकशे चाळीस होते. ‘कधीतरी लागतील’ हे शब्द त्याच्या ओठांवर आलेले मला दिसले, कारण गेली कित्येक वर्षे हेच शब्द उच्चारून आम्ही ती पोती माळ्यावर ठेवली होती.

येथे मला आपल्या परिग्रह-परिमाण व्रताचे स्मरण झाले. टाकाऊ वस्तू उपयोगात आणणे ही काटकसर आहे, तिच्यात नव्या वस्तूसाठी होणारी हिंसाही टळते, याविषयी आपल्या घरांत दुमत नाही. पण त्याच काटकसरीच्या नावाखाली आपण रिकामे डबे, दोऱ्या, खोकी आणि पिशव्या साठवीत जातो, आणि तो साठा म्हणजे आपला सद्गुण आहे असे समजतो. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण सांगताना वस्तूकडे नव्हे, तर आसक्तीकडे बोट दाखवले आहे. आसक्ती सोन्याचीच असावी लागते असे नाही; ती गंजलेल्या पत्र्याचीही असू शकते. वस्तूचा उपयोग ठरलेला नसेल, तर तिला सांभाळणे हा तिचा सन्मान नव्हे. तिला अडवून ठेवणे आहे. भंगारात गेलेले लोखंड वितळून पुन्हा कोणाच्या तरी कामास येते. माळ्यावर अडकलेले लोखंड कोणाच्याच कामाचे नाही.

गिटारवादकांनाही पेडले जमवण्याचा छंद जडतो, हे मुलानेच मला सांगितले होते. म्हणून मी त्याला एवढेच म्हटले, “आधी काय करणार ते लिही, मग डबे मोज.” त्याने वहीत यादी केली. फझ, आवाज वाढवणारे एक, प्रतिध्वनीचे एक, दोन मित्रांसाठी दोन, आणि भोके चुकतील म्हणून तीन जादा. एकूण आठ. दिवाळीपर्यंत यांतले जे वापरले जाणार नाहीत, तेही द्यावयाचे, असे त्याने स्वतःच खाली लिहिले.

२९ मार्चला एकशे बत्तीस डबे वजनावर गेले. आठ डबे मुलाने खालच्या फळीवर लावले आणि त्यांवर तारखेची चिठ्ठी चिकटवली. त्या रात्री दुकान बंद करण्यापूर्वी त्याने अण्णांना पेडल वाजवून दाखवले. अण्णांनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाले, “आवाज बिघडल्यासारखा वाटतो.”

“तो बिघडवण्यासाठीच आहे, अण्णा.”

“मग बरोबर आहे,” असे म्हणून अण्णांनी शटर ओढले. पुढच्या रविवारी मुलगा माळ्यावर चढला, तेव्हा खाली शिडी धरून ते स्वतः उभे होते. माळ्यावर अजून सहा पोती आहेत. त्यांत काय आहे, हे त्या दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.