बॉस विकायला काढलाय!

मागच्या आठवड्यात ऑफिसात जेवताना एक सीनियर म्हणाला, "गेम असा पाहिजे की माणूस कुठे अडकलाच नाही पाहिजे. अडकला की अ‍ॅप डिलीट!" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं बरोब्बर उलटं आहे. माणूस जिथे अडकतो ना, तिथेच त्याचा गेमवर जीव जडतो.

पुरावा आमच्या साकीनाक्याचाच देतो. खैरानी रोडच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. साल 2005-06, दोन रुपयाला एक कॉइन. आणि आत 'मुस्तफा'! गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमने 1993 मध्ये काढलेला. पण चार हिरोंपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पोरांना एवढा आवडला की आपल्याकडे गेमचंच नाव मुस्तफा पडलं.

पहिली स्टेज कोणीही काढायचं. दुसरीच्या शेवटी यायचा बुचर, हातात सुरे घेऊन. त्याच्या सरळ रेषेत उभे राहिलात की संपलात. दोन्ही बटणं एकदम दाबून झटका मारावा, तर आपलीच लाइफ खाली. कॉइन संपला की मागे उभं राहून दुसऱ्याचं बघायचं. बघता बघता कळायचं... वर-खाली सरकत राहा, बाजूने घुस, दोन ठोसे हाण, निघ. बुचर कालच्याइतकाच खवीस असायचा, बदललेलो असायचो आपण. ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी मुस्तफा 'आपला' गेम झाला. पहिल्या स्टेजच्या प्रेमात पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आता कोणीतरी म्हणणार, "अरे, पार्लरवालाही कॉइनच खायचा. बॉस अवघड ठेवलाच त्यासाठी." मान्य. खिशात दहा कॉइन असतील तर तिथल्या तिथे कंटिन्यू करत बुचरला रेटून मारताही यायचं. पण कॉइनने मिळायची ती आणखी एक संधी. शेठच्या पोरालाही तोच मुस्तफा, तीच दोन बटणं. जास्त पैशात जास्त जोराचा ठोसा मिळत नव्हता. आजचे बरेचसे 'फुकट' मोबाइल गेम नेमका तो ठोसाच विकतात. बॉस असा ठेवायचा की नुसतं शिकून भागणारच नाही, आणि हरलात की लगेच स्क्रीनवर तलवारीची ऑफर!

"अवघड गेम खपत नाहीत" हेही धादांत खोटं. 'एल्डन रिंग' 2022 मध्ये आला. त्यातली मलेनिया तुम्हाला लागलेल्या प्रत्येक फटक्यागणिक स्वतःची जखम भरून काढते. लोक रात्र रात्र तिच्याकडून मार खातात आणि वर तिचंच कौतुक करतात. जून 2024 पर्यंत या गेमच्या अडीच कोटी प्रती खपल्या होत्या. गिऱ्हाईक अडकण्याला कंटाळत नाही हो, फसवलं जाण्याला कंटाळतं.

आणि हा मुद्दा नुसता धंद्याचा नाही. माझा भाचा आठ वर्षांचा आहे. बॉसकडून हरला की म्हणतो, "मामा, पेमेंट कर ना." चाल ओळखावी, पुन्हा करून बघावं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. हरण्यावरचा उपाय मामाच्या यूपीआयमध्ये असतो, असं या गेमांनी त्याला शिकवलंय. उद्या गणित अडलं की हा काय मागणार?

तेव्हा गेम बनवणाऱ्या मंडळींनो, बॉस खुशाल अवघड ठेवा, पण त्याची चाल दिसू द्या आणि त्याला विकू नका. आणि ताई-भाऊजी (तुम्ही वाचताय हे माहितीये), पोरगं दहाव्यांदा हरून चिडलं तर फोन हिसकावू नका आणि पिनही टाकून देऊ नका. खेळू द्या अकराव्यांदा.